प्रतिसाद : रोंदोनियातले १०० हेक्टरचे तुकडे

'वसाहतकऱ्यांना जमीन दिली की ते जंगल तोडणारच' हे विधान अर्धंच खरं आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलातल्या रोंदोनिया राज्यात इन्क्रा या जमीनवाटप करणाऱ्या सरकारी संस्थेने १९७० नंतर आखणी कशी केली ते आधी पाहा. तुकडा साधारण ५०० मीटर रुंद, २ किलोमीटर लांब, म्हणजे १०० हेक्टर. पाठीला पाठ लावून असे तुकडे आखले, की दर ४ किलोमीटरला एक आडरस्ता आलाच. उपग्रह-चित्रात दिसणारा माशाचा सांगाडा हाच. १९८४ मध्ये बीआर-३६४ महामार्ग डांबरी झाला आणि वसाहतकऱ्यांचा लोंढा वाढला.

पुढचा क्रम ठरलेला: झाडं पाडायची, कोरड्या महिन्यांत वाळवायची, पावसाआधी पेटवायची. दोनतीन पिकांत जमिनीचा कस जातो, मग कुरणाचं गवत आणि गुरं. बाजार लांब आणि रस्ता चिखलाचा असल्यावर स्वतः चालत जाणारा माल म्हणजे गुरंच!

कार्बनचा हिशेब करताना दोन चुका हमखास होतात. झाडांत हेक्टरी १५० टन कार्बन धरला, तर एका कुटुंबाने तोडलेल्या ३ हेक्टरचे ४५० टन. पण कार्बन डायऑक्साइडसाठी त्याला ३.६७ ने गुणावं लागतं, म्हणजे सुमारे १,६५० टन. शिवाय आगीत सगळं जळत नाही, उरलेले ओंडके वर्षानुवर्षं कुजत वायू सोडतात.

आणि प्रोदेस ही ब्राझीलची उपग्रहावरून होणारी जंगलतोडीची वार्षिक मोजणी ६.२५ हेक्टरपेक्षा लहान तोड धरत नाही. एकट्या कुटुंबाची २-३ हेक्टरची तोड त्यातून निसटते, शेजारच्या तोडीला जोडली गेली की अचानक उमटते. त्यामुळे कुठल्या वर्षी किती तोड झाली हे वसाहतीपुरतं सांगताना जपून.