मदत हवी आहे : चुलतीच्या अपघाताचा दावा, उत्पन्न कसं दाखवायचं?

मंडळी, दिवाळीच्या आधी अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर आमची चुलती गेली. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन कडेनं येत होती, पिकअपनं मागून उडवलं. वय 42. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत टाकलाय. आता विमा कंपनीचे वकील म्हणतात, लोक अदालतीत मिटवून टाका. बाई घरीच असायच्या, त्यांचं उत्पन्न महिन्याला 6,000 धरू, असं त्यांचं म्हणणं.

घरीच! दोन म्हशी तिच्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हत्या, त्यातली एक आता आटलीच. पण डेअरीचं कार्ड चुलत्यांच्या नावावर, बिलही त्यांच्याच खात्यात. खुरपणी, कापूस वेचणी बरीचशी सावडीनं, म्हणजे आज ही त्यांच्या रानात, उद्या त्या आमच्या, पैसे कुणीच घ्यायचे नाहीत. सावडीची पावती कोण देतं?

हिशोब मांडून बघितला. 42 वयाला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम जितक्या पटीनं धरायची तो आकडा, 14 (सुप्रीम कोर्टाचा सरला वर्मा निकाल, 2009). चुलते, दोन पोरं, आजी असे चौघे मागे, म्हणून तिच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा. कंपनीच्या 6,000 नं 7,56,000 होतात. 10,000 धरून वर भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के (प्रणय सेठी निकाल, 2017) घातले तर 15,75,000. वाढ कंपनी धरायलाच तयार नाही.

गंमत म्हणजे पिकअपवाल्याच्या खिशातून यातलं काहीच जात नाही. थर्ड पार्टी विम्याचा (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) हप्ता गाडीच्या प्रकारावर ठरतो, त्यानं किती जणांना उडवलं यावर नाही. मग तो सावकाश हाकील कशाला?

दूध तिचं होतं हे कसं दाखवायचं? आणि तडजोड घ्यावी का? चुलत्यांना पैशाची घाई आहे.

प्रतिसाद :
दादा, कार्ड कुणाचं यावर अडू नका. डेअरीतून सकाळ-संध्याकाळच्या लिटरच्या नोंदी काढा, ती असतानाच्या आणि गेल्यानंतरच्या. मधे जो खड्डा दिसेल तोच पुरावा. ज्यांच्याकडं सावडीला जायची त्या बायांची साक्ष घ्या. वाढीचे 25 टक्के सोडू नका, गृहिणीलाही ते मिळतात (कीर्ती निकाल, 2021). लोक अदालतीत सही केली की अपील नाही. घाई बघून कुणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 चे ठोक 5 लाख सुचवेल. तिथं गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागत नाही हे खरं, पण ते घेतले की कलम 166 चा, म्हणजे तुम्ही टाकलेला, दावा संपला.

धागाकर्ता :
उद्या सकाळीच डेअरीच्या सचिवांकडं जातो. आटलेली म्हैस त्या खड्ड्यात धरायची का वेगळी?