मामा नेपोलियन आणि इंग्रजांचा हात
इराण समजून घ्यायला मर्जान सत्रापी आणि आझर नफिसी या इराणी लेखिकांची आठवणींची पुस्तके सुचवली जातात. त्यांतून उमटणारे इराणचे चित्र खरे असले, तरी ते मुख्यतः १९७९ च्या इस्लामी क्रांतीने घडवलेले आहे. त्याच्या जोडीला इराज पेझेश्कझाद यांची १९७३ मधली 'माझा मामा नेपोलियन' ही विनोदी कादंबरी वाचावी, असे सुचवतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजा इराणमध्ये शिरल्या, त्या काळातल्या तेहरानमधील एका मोठ्या कुटुंबाची ही कथा आहे. प्रत्येक आपत्तीमागे इंग्रजांचा हात पाहणारा मामा हास्यास्पद वाटतो खरा. परंतु ब्रिटन आणि रशियाने १९०७ मध्ये इराणची प्रभावक्षेत्रे परस्पर वाटून घेतली होती, हे लक्षात घेतले की त्याचा संशय निव्वळ वेडेपणा उरत नाही. (प्रेमकथेचा भाग मात्र मला लांबलेला वाटला.) डिक डेव्हिस यांचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे.