सागाची वाकवलेली कमान: इपॉक्सी उन्हात टिकेल का?

चोपड्याचा रंधा:
राम राम मंडळी. पश्चिमेच्या ओट्यावरच्या दरवाज्याला सागाची कमान करायची आहे. आतून रुंदी १२०० मिमी, मधला उठाव ३००, जाडी ४०, खोली ८०. पहिली कमान १० मिमीच्या ४ पट्ट्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून केली. शिकंजे (क्लॅम्प) सोडले तसा उठाव ३०० चा २७८ झाला. महिनाभर दुपारचं ऊन खाल्ल्यावर २६२. सांधा कुठेच उकललेला नाही, पण टोकाला पट्ट्या एकमेकींवरून अर्धा मिलिमीटर सरकल्यात, नख फिरवलं की पायरी लागते. आता इपॉक्सी, म्हणजे रेजिन आणि हार्डनर कालवून जमणारा गोंद, वापरायचं म्हणतो. पट्ट्या किती, माल किती, आणि मे महिन्यात करू की पावसाळ्यात?

तापीकाठ:
भाऊ, यात दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र धरू नका.

२२ मिमी लगेच उघडली त्याचा गोंदाशी संबंध नाही. पट्ट्यांची संख्या n धरली, तर उठावाला (n² − १) ने भागायचं, अंदाजे तेवढी कमान मागे येते. ४ पट्ट्यांना ३०० भागिले १५, म्हणजे २०. तुमची २२ आली, हिशोबाला धरूनच आहे. ४ मिमीच्या १० पट्ट्या घ्या: ३०० भागिले ९९, जेमतेम ३ मिमी. आतली त्रिज्या ७५० निघते, फर्मा (ज्यावर पट्ट्या वाकवायच्या तो साचा) ७४५ चा कापा, म्हणजे ते ३ मिमीही वसूल.

नंतरचे १६ मिमी मात्र गोंदाचे. पांढरा गोंद सुकला तरी प्लास्टिकसारखाच राहतो, सतत ताण आणि वर ऊन असलं की हळूहळू सरकतो. ती नखाला लागणारी पायरी त्याचीच. वॉटरप्रूफ लिहिलेला पांढरा गोंद आणलात तरी हा गुण जात नाही.

८० बाय ८० चा १६०० लांब सरळ रेषांचा तुकडा घ्या. चिरण्याआधी बाजूवर पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे पट्ट्या नंतर त्याच क्रमाने लागतात आणि कमान एकसंध लाकडाची वाटते. ५ मिमीला चिरा, ४ ला आणा. दर कापाला करवतीत जाणारे ३ मिमी धरले तर १० पट्ट्या बरोबर निघतात, पण वर एक जास्तीची असू द्या. गाठ असलेली पट्टी वाकवताना हमखास मोडते.

धुळे सुतारकाम:
साग तेलकट असतो हे विसरू नका. गुळगुळीत रंधलेल्या पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, भुसा झटका, पांढऱ्या सुती फडक्याने अॅसिटोन लावून पुसा. फडकं पिवळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. अॅसिटोन उडालं की त्याच तासात चिकटवा. रात्री पुसून सकाळी चिकटवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं. आणि पुसताना जवळ विडी-काडी नको.

माल: ९ सांधे, प्रत्येक १६०० बाय ८०, एकूण सव्वा चौरस मीटरच्या आत. चौरस मीटरला ३०० ग्रॅम धरून ३५० ग्रॅम, सांडलवंड धरून ४५० ग्रॅम कालवा. अॅरल्डाइट स्टँडर्डचं प्रमाण वजनाने १०० ला ८०, म्हणजे २५० ग्रॅम रेजिन आणि २०० ग्रॅम हार्डनर. दुसरी कंपनी असेल तर तिच्या डब्यावरचं प्रमाण पाळा. डिजिटल काटा वापरा, चमच्याचा अंदाज नको. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय पॉलिस्टरवाल्यांना असते. इथे ती चालत नाही: जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच राहतो आणि सांधा कायमचा चिकट-मऊ राहतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी नको, टेबलावर ओतायचं आर्ट रेजिनही नको.

आता मे महिना. कालवलेला माल घट्ट होण्याआधी २५ अंशाला तास-दीड तास मिळतो, आणि दर १० अंशांना वेळ निम्मा होतो. आपल्याकडे दुपारी ४३-४४ ला वीस मिनिटं मिळाली तरी नशीब, आणि १० पट्ट्या लावून शिकंजे कसायलाच अर्धा तास जातो. म्हणून पहाटे पाचला सुरू करा. डबे आदल्या रात्री आतल्या गार खोलीत ठेवा. कालवलेला माल खोल डब्यात ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने भडकतो आणि धूर निघतो. रुंद ताटलीत पसरा. कूलरसमोर तर काम नकोच, त्या ओल्या वाऱ्याने पृष्ठभागावर मेणासारखा थर येतो. पावसाळ्यातही हाच थर त्रास देतो. तो पाणी आणि घासणीने निघतो, पेपरने नुसता पसरतो.

तापीकाठ:
शिकंज्याबद्दल एक. पांढऱ्या गोंदाला जीव तोडून आवळायची सवय असते, इपॉक्सीला तसं केलं तर सगळा माल बाहेर आणि सांधा कोरडा. कडेला बाहेर आलेल्या मालाचे बारीक मणी दिसले की थांबा. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना, दर १२०-१५० मिमीवर एक, म्हणजे १० ते १२ शिकंजे. फर्म्याला आणि वरच्या दाबपट्टीला खाकी पॅकिंग टेप लावा, त्याला इपॉक्सी धरत नाही. टेप विसरलात तर फर्मा कमानीचाच भाग होईल.

सागवान नंदुरबार:
वरचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. ओटा पश्चिमेचा. सावलीत जमणारं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. गडद पॉलिशची कमान मेच्या उन्हात त्याच्याही वर जाते. म्हणजे नुसतं इपॉक्सी वापरलं म्हणून सुटला असं नाही, तोच सरकण्याचा रोग कमी प्रमाणात परत येईल.

उपाय फर्म्यावरच करायचा. २४ तास सावलीत जमू द्या. मग शिकंज्यांसकट गच्चीवर न्या आणि काळ्या प्लास्टिकने झाका. आत थर्मामीटर ठेवा. ६० च्या आसपास चार-पाच तास मिळाले की सांध्याची उष्णता सोसायची ताकद वाढते. शिकंजे सैल करायचे ते संध्याकाळी, पूर्ण गार झाल्यावर. उन्हाळ्याचा फायदा घ्यायचा तो इथे! टोकं प्लास्टिकने गुंडाळा, नाहीतर तडे जातील. आणि विकत घेताना माहितीपत्रकात उष्णतेला कुठवर टिकतं तो आकडा बघा, कंपनीगणिक बराच फरक असतो. रंग फिकट ठेवता आला तर उत्तमच.

चोपड्याचा रंधा:
फिकट रंगाला घरचे तयार नाहीत, सागाची रेष दिसली पाहिजे म्हणतात. मग पावडरचा युरिया गोंद लावला तर? आणि जुन्या कमानीचं काय करू?

धुळे सुतारकाम:
युरियाचा गोंद सरकत नाही, कडक बसतो, स्वस्तही आहे. पण ओट्यावर पावसाची झड येते, तिथे तो वर्षानुवर्षं टिकणारा नाही. आतल्या खोलीची कमान असती तर मीही तोच लावला असता. इथे इपॉक्सीच, वरून यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) रोखणारा पारदर्शक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. इपॉक्सीला स्वतःला ऊन सोसत नाही, कडेला दिसणारी रेघ पांढुरकी पडते.

जुन्या कमानीवर इपॉक्सीचा थर देऊन ती सुधारत नाही, मधला गोंद तसाच राहतो. ऊन न लागणाऱ्या आतल्या दरवाज्याला २६२ च्या उठावानेच बसवून टाका.

सागवान नंदुरबार:
कडेचे मणी पूर्ण दगड होण्याआधी काढा. नखाने दाबल्यावर ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, त्या वेळी जुन्या पटाशीने सालीसारखे निघतात. ती वेळ चुकली तर रंध्याची धार जाते, मग कार्बाइडचं पातं लागेल. नायट्रिलचे हातमोजे घालाच. हाताला लागलं तर अॅसिटोनने पुसू नका, ते कातडीत आणखी मुरवतं. साबण आणि पाणी. एकदा अॅलर्जी बसली की पुढे नुसत्या वासानेही अंगावर पुरळ येतं. पुरतं जमायच्या आत घासाल तर तो भुसाही तितकाच वाईट, मास्क लावूनच घासा.

चोपड्याचा रंधा:
फर्मा ७४५ चा कापायला घेतो. १८ मिमी प्लायचे पाच थर केले तर ९० होतात, पट्टीपेक्षा १० जास्त. चालेल ना?

तापीकाठ:
चालेल, दोन्ही बाजूंना पाच-पाच मोकळे ठेवा, ओघळलेला माल तिथे साचतो. प्लायला आरपार भोकं पाडून ठेवा, शिकंज्याचा जबडा आत बसला पाहिजे. आणि आधी एकदा कोरडीच वाकवून सगळे शिकंजे लावून बघा, घड्याळ लावून. अर्ध्या तासात व्हई जाई, नाही झालं तर जोडीला माणूस घ्या.