मदत हवी आहे: स्कोपवर इग्निशनचा स्पाइक दर ठिणगीला वेगळ्या उंचीचा का दिसतो?

नमस्कार मंडळी,

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. आयडलला एकदम स्वच्छ चालतं, पण लोड आला की मिसिंग मारतं. स्कॅनरवर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न पेटणं). कॉइल आणि प्लग दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करून झाले, तरी कोड तिसऱ्याला सोडत नाही. आता अंदाजाने आणखी पार्ट बदलायची इच्छा नाही. ठिणगीच्या वेळी नेमकं काय होतं ते बघायचं म्हणून दोन चॅनलचा स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावलाय.

कॉइल दोन वायरच्या आहेत, आत इग्नायटर (करंट तोडणारा स्विच) नाही, त्यामुळे प्रायमरीची (कॉइलच्या कमी व्होल्टेजच्या वेटोळ्याची) ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणारी वायर हाताशी येते. तिथे बॅक-प्रोब पिन (कनेक्टरच्या मागून घालायची), मध्ये व्होल्टेज दहापट उतरवणारा १०:१ अ‍ॅटेन्युएटर आणि मग पहिला चॅनल. (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी: इथे ३०० ते ४०० व्होल्टचा झटका येतो, अ‍ॅटेन्युएटरशिवाय स्कोप जोडू नका.) दुसऱ्या चॅनलवर करंट क्लॅम्प (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा). अर्थ क्लिप इंजिन ब्लॉकवर. टाइमबेस, म्हणजे पडद्याच्या आडव्या खान्याचा वेळ, २० मिलिसेकंद, ट्रिगर चढत्या कडेवर.

करंटचा चढ सुरेख येतो: ३ मिलिसेकंदांत ७ अँपिअरच्या आसपास, मग सरळ शून्यावर. त्याच क्षणी व्होल्टेजचा स्पाइक, पाठोपाठ बर्न लाइन (ठिणगी जळत असतानाची रेषा), शेवटी कॉइलचे दोन-चार हेलकावे. घोळ आहे तो स्पाइकच्या उंचीत. एका ठिणगीला ३६० व्होल्ट, पुढच्या ठिणगीला २१०, मग पुन्हा ३३०. तेही आयडलला, चारही सिलिंडरवर! बर्न लाइनची लांबी मात्र जवळपास सारखीच. इतकं स्वच्छ चालणारं इंजिन दर ठिणगीला इतकं वेगळं व्होल्टेज मागेल हे मला पटत नाही.

टाइमबेस १ मिलिसेकंदावर आणला की स्पाइक नीट दिसतो, पण मग पडद्यावर एकच ठिणगी मावते. ८०० आरपीएमला एका सिलिंडरची ठिणगी दर १५० मिलिसेकंदांनी पडते, म्हणजे अधूनमधून होणारा मिसफायर हमखास निसटणार. दोन्ही कसं साधायचं? आणि कॉइलवर वरून टेकवायचा पॅडल प्रोब घेतला तर काही फरक पडेल का?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. स्पाइकचं टोक मायक्रोसेकंदांचं असतं आणि टाइमबेस वाढवला की बरेच स्कोप न सांगता सॅम्पल रेट उतरवतात. मेमरी १०,००० सॅम्पलची आणि पडदा दहा खान्यांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा धरा. म्हणजे दर २० मायक्रोसेकंदांना एक सॅम्पल. टोक दोन सॅम्पलच्या मध्ये पडलं की बुटकं दिसणारच. पीक डिटेक्ट मोड (दोन सॅम्पलमधलं टोकही पकडणारा) असेल तर चालू करा. मेमरी मोठी असेल तर त्याहून उत्तम: सेकंदाला १० लाख सॅम्पलने सलग दोन सेकंद रेकॉर्ड करा आणि नंतर झूम करून बघत बसा. ३००० आरपीएमला त्यात ५० ठिणग्या येतात, मिसफायर कुठे पळणार!

पॅडल प्रोब आकार बघायला आणि सिलिंडरांची तुलना करायला चांगला, पण त्यावरच्या किलोव्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. तुमच्याकडे प्रायमरी उघडी मिळतेय, तीच धरा.

लोडवर तिसरं आणि दुसरं सिलिंडर शेजारी ठेवून बघा. स्पाइक उंच, बर्न लाइन तोकडी आणि शेवटाकडे वर चढणारी असेल तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याचा संशय घ्या: तो इंजेक्टर, किंवा त्याच रनरवर (त्या सिलिंडरच्या हवेच्या नळीवर) हवा ओढणारं गॅस्केट. स्पाइक बुटका आणि बर्न लाइन लांब असेल तर आधी कंप्रेशन मोजा.

धागाकर्ता

मनापासून आभार! पीक डिटेक्ट लावताच आयडलला चारही स्पाइक ३५०च्या आसपास स्थिर झाले. लोडवर मात्र तिसऱ्याची बर्न लाइन जेमतेम ०.६ मिलिसेकंद आणि शेपूट वर. दुसऱ्याची सरळ १.३. आता इंजेक्टरची अदलाबदल करणार आहे. त्याआधी करंट क्लॅम्प इंजेक्टरच्या वायरवर लावून सुई उचलल्याची खाच (इंजेक्टर उघडताना करंटच्या आलेखात दिसणारी) तपासली, तर नुसता कचरा साचलेला इंजेक्टर त्यात ओळखू येतो का, की त्यासाठी फ्लो टेस्टच करावी लागेल?