मदत हवी आहे: आईच्या अल्झायमरच्या तपासणीबद्दल
आई ७२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. वर्षभरात विसरणं फार वाढलंय. न्यूरोलॉजिस्टांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे तिने उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले. बघून पोटात कालवलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १८ गुण मिळाले. बी-१२, थायरॉइड नॉर्मल; एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग) आकसलेला दिसतो.

आता डॉक्टर म्हणतात, खात्रीसाठी अमायलॉइड पेट स्कॅन (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड दाखवणारा स्कॅन) करा, नाहीतर मणक्यातून पाणी काढून त्यातली अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं तपासू. सुईचं नाव काढलं तरी आई माझा हात घट्ट धरते.

पुण्या-मुंबईत कुणी घरच्यांचं हे केलंय का? खर्च किती आला? पाणी काढल्यावर डोकं दुखलं का? आणि निकालानंतर उपचारांत खरंच काही बदललं का? कृपया सांगा.