मित्रांना परभाषिक आणि स्वतंत्र सिनेमे सुचवायचे तर नेमके कसे?

उजेडसावली

‘काहीतरी वेगळं सुचव ना’ असं मित्र म्हणतात. दहा-बारा नावांची यादी पाठवली की तिला एक अंगठा मिळतो आणि पुढे काहीच होत नाही. कुणी एखादा सिनेमा लावलाच तर तो पाऊण तासात बंद पडतो. सिनेमे चांगले आहेत याबद्दल शंका नाही, म्हणजे सुचवण्यातच काहीतरी चुकतंय.

सध्या तिघांसाठी नावं हवी आहेत. पहिला फक्त गुन्हेकथा आणि थ्रिलर पाहतो, पण सबटायटल्स वाचायचा त्याला कंटाळा आहे. दुसरीला नात्यांवरचे सिनेमे आवडतात, मात्र रात्री तिच्या हाती जेमतेम दीड तास असतो. तिसऱ्याचे नोलानचे सगळे मोठे सिनेमे पाहून झालेत, आता त्याला छोट्या बजेटचं काहीतरी हवंय. कुणाला काय द्यावं आणि किती द्यावं? डब केलेली आवृत्ती सुचवली तर चालते का?

शेवटची_रांग

‘किती’चं उत्तर आधी: एक. यादी पाठवली की निवडीचं काम पुन्हा समोरच्याच्याच गळ्यात पडतं, आणि कशाच्या जोरावर निवडायचं हे त्याला ठाऊक नसतं. मग तो पोस्टर बघून ठरवतो, नाहीतर ठरवतच नाही.

निवडताना मी एक नियम पाळतो: एका वेळी एकच गोष्ट अनोळखी असावी. भाषा नवी असेल तर सिनेमाचा प्रकार ओळखीचा हवा. गती संथ असेल तर भाषा कानाला कळणारी हवी. परकी भाषा, संथ गती, कृष्णधवल चित्र आणि मोकळा सोडलेला शेवट हे चारही एकदम अंगावर आलं की सरावलेला प्रेक्षकही दमतो. समीक्षकांच्या यादीचा क्रम म्हणूनच इथे कामाचा नाही. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात शांताल आकेरमान यांचा ‘जान डीलमन’ (१९७५) पहिला आला. २०१ मिनिटांचा हा सिनेमा घरकामाची एकेक कृती तिला लागेल तेवढा वेळ देऊन दाखवतो. तो थोर आहे यात वाद नाही, पण पहिली ओळख करून द्यायला अगदी चुकीचा.

थ्रिलरवाल्यासाठी ‘रन लोला रन’ (१९९८, जर्मन, टॉम टायक्वर) घ्या. जेमतेम ८० मिनिटांचा आहे. लोलाला वीस मिनिटांत एक लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) उभे करायचे आहेत, आणि तीच धाव तीन वेळा, दर वेळी थोड्या फरकाने दिसते. सुरुवातीचा फोनवरचा संवाद तेवढा दाट आहे. तो संपला की बराच वेळ पाय धावतात आणि संगीत वाजतं, वाचायला फारसं काही नसतं. त्याला आधीच सांगून ठेवा की पहिल्या दहा मिनिटांतच वाचनाचा भार जास्त आहे. हा पचला की ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३, कोरियन, बाँग जून-हो), आणि त्यानंतर अर्जेंटिनाचा ‘द सिक्रेट इन देअर आइज’ (२००९, हुआन होसे काम्पानेला). या शेवटच्यात बोलणं भरपूर आहे, म्हणून तो तिसरा. त्यातला फुटबॉल स्टेडियमचा प्रसंग मात्र अशा माणसासाठीच आहे: कॅमेरा आकाशातून मैदानावर उतरतो, गर्दीत शिरतो, संशयिताला शोधतो आणि त्याच्या मागे जिन्यांवरून धावत सुटतो. सलग पाच मिनिटं कुठे कट मारलेला जाणवत नाही.

दीड तासवालीला माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७, फारसी, ८९ मिनिटं) द्या. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि दोघं एकाच जोडीवर शाळा निभावतात, ती सकाळच्या पाळीत, तो दुपारच्या. गल्लीत धापा टाकत बूट बदलणं हाच त्यातला थरार. इतकंच सांगा. शर्यतीबद्दल बोलू नका.

नोलानच्या चाहत्याला नोलानचाच पहिला सिनेमा द्या. ‘फॉलोइंग’ (१९९८) सुमारे ७० मिनिटांचा, कृष्णधवल आणि १६ मिमी फिल्मवर चित्रित केलेला आहे. नोकरी करणारे कलाकार शनिवार-रविवारी मोकळे होत, तेव्हाच चित्रीकरण चाले. काळाची उलटापालट त्याच्या ओळखीची आहे, नवीन आहे तो तुटपुंजा खर्च. पुढची पायरी ‘कोहेरन्स’ (२०१३, ८९ मिनिटं), जवळजवळ सगळा एकाच घरात घडणारा. ‘प्रायमर’ (२००४, ७७ मिनिटं) त्यानंतर, आणि तो एकदा पाहून उलगडत नाही हे आधी सांगून. खर्च सुमारे सात हजार डॉलर होता हे कुतूहल म्हणून ठीक. पण ‘इतक्या स्वस्तात केलाय’ ही शिफारस होत नाही, त्याने प्रेक्षक सूट द्यायच्या तयारीने बसतो.

निरोप कसा लिहावा तेही देतो, कारण अर्धं काम तिथेच होतं:

“‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७, इराण, माजिदी. ८९ मिनिटं. मूळ फारसी ऑडिओ आणि साधी इंग्रजी सबटायटल्स लाव. हरवलेल्या बुटांची गोष्ट आहे, हिंसा नाही. तुला भावंडांच्या गोष्टी आवडतात म्हणून हाच पाठवतेय. ट्रेलर नको बघू.”

यात ‘तुला म्हणून’ हे वाक्य गाळू नका. ‘जबरदस्त आहे, बघच’ याने माणूस सिनेमा लावत नाही, फक्त ‘नक्की’ असं उत्तर देतो.

चौथी_चौकट

निवडीबद्दल वर नीट आलंय. मी लावण्याबद्दल लिहिते, कारण सिनेमा ‘आवडला नाही’ असं कानावर येतं तेव्हा कितीदा तरी तो धड लागलेलाच नसतो.

१. वर्ष आणि मूळ भाषा लिहाच. ‘द होस्ट’ २००६ चा कोरियन आहे आणि २०१३ चा अमेरिकी, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘द व्हॅनिशिंग’ १९८८ चा डच-फ्रेंच आहे. त्याच दिग्दर्शकाने, जॉर्ज स्लायझर यांनी, १९९३ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा केला आणि शेवट बदलला. मूळ सिनेमाचं बळ त्या शेवटातच आहे. नुसतं नाव पाठवलं की समोरचा शोधात वर आलेला पहिला सिनेमा लावतो.

२. आवृत्ती लिहा. ‘सिनेमा पॅरादिसो’ची जगभर पोचलेली आवृत्ती १२४ मिनिटांची, दिग्दर्शकाची लांब आवृत्ती १७३ मिनिटांची. लांब आवृत्तीत उत्तरार्धात एक अख्खं कथानक वाढतं आणि गोष्टीचा तोल बदलतो. पहिल्यांदा १२४ चीच द्या. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ १८८ मिनिटांचाही आहे आणि दूरचित्रवाणीसाठीचा ३१२ मिनिटांचाही. सोमवारी रात्री चुकून दुसरा लागला तर मित्र हातचा गेला.

३. सबटायटलचे ट्रॅक सारखे नसतात. ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ असं लिहिलेला ट्रॅक ऐकू न येणाऱ्यांसाठी असतो, त्यात ‘दार आपटतं’, ‘संगीत सुरू’ असेही शब्द येतात. त्याहून वाईट म्हणजे परभाषिक सिनेमाच्या इंग्रजी सीसीत बऱ्याचदा डबिंगचेच संवाद उतरवलेले असतात. मूळ आवाजाबरोबर तो लावला की ऐकू येणारं आणि वाचलं जाणारं जुळत नाही. ‘इंग्रजी’ एवढंच लिहिलेला ट्रॅक निवडायला सांगा.

४. डिस्कवरून किंवा स्वतःजवळच्या फाइलवरून पाहत असाल आणि सबटायटल्स मागेपुढे होत असतील, तर एक संवाद सुरुवातीचा तपासा, एक शेवटाकडचा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर नुसतं सरकवायचं आहे: व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये जी आणि एच या कळा दर दाबाला ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात. सुरुवात बरोबर आणि पुढे फरक वाढत जात असेल तर फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वेगळा आहे. २३.९७६ आणि २५ यांच्या घोळात तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. तिथे कळा दाबून उपयोग नाही. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलून फाइल पुन्हा जतन करा. अक्षरांच्या जागी चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात (एन्कोडिंगमध्ये) जतन करा.

५. टीव्हीवरची हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, पण बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की काम होतं. आणि ‘झूम’ किंवा ‘फुल स्क्रीन’ नको. ‘इडा’ (२०१३, पोलिश, ८२ मिनिटं) जवळजवळ चौकोनी चित्रात आहे आणि त्यात माणसं मुद्दाम चौकटीच्या तळाशी उभी केली आहेत, वर नुसती भिंत किंवा आकाश. झूम केलं की नेमके चेहरेच कापले जातात. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या हा बिघाड नाही, हे आधीच सांगावं लागतं.

डबिंगबद्दल: अ‍ॅनिमेशनमध्ये माझी हरकत नाही, तिथे आवाज मुळातच वेगळा बसवलेला असतो. माणसांच्या सिनेमात मूळ आवाजच हवा. जुने इटालियन सिनेमे थोडे वेगळे, त्यांच्यात इटालियन आवाजसुद्धा सर्रास नंतर डब केलेले असत. ओठ जुळत नाहीत म्हणून कुणी तक्रार केली तर फाइल बदलत बसू नका.

कोरी_चौकट

शेवटची_रांग यांच्या ‘एकच अनोळखी’शी सहमत. ‘ट्रेलर नको’ यावर मात्र मी अडतो. थ्रिलरच्या माणसाला ट्रेलर लागतो, त्याशिवाय तो हलत नाही. मी अपवाद करतो तो फक्त ज्याची गंमतच माहिती नसण्यात आहे अशा सिनेमांचा.

त्यातला नमुनेदार म्हणजे जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७, शिनइचिरो उएदा, ९६ मिनिटं). पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, झाँबीपट, आणि तोही ओबडधोबड: माणसं मध्येच गप्प होतात, कॅमेरा विनाकारण रेंगाळतो, कुणीतरी भलतंच बोलतं. बहुतेक लोक इथेच सोडतात. म्हणून निरोपात एकच ओळ लिहायची: ‘३७ मिनिटं झाल्याशिवाय बंद करायचा नाही, आणि जे जे खटकेल ते लक्षात ठेव.’ यापुढचा एक शब्दही सांगू नये.

अशी थांबण्याची खूण जवळजवळ प्रत्येक अवघड सिनेमाला देता येते, आणि ती कथेपेक्षा उपयोगी पडते. ‘संथ आहे, धीर धर’ हे मोघम झालं. अमुक मिनिटापर्यंत गती अशीच राहील, त्यानंतर अमुक प्रकारचा बदल आहे, असं सांगितलं की माणूस वाट बघू शकतो.

शेवटची_रांग

ट्रेलरचं मान्य. एक भर घालतो. इराणी दिग्दर्शक फरहादी यांचा ‘अ सेपरेशन’ (२०११, फारसी, १२३ मिनिटं) हा नात्यांवरचा सिनेमा म्हणून लोक सर्रास पहिला सुचवतात. त्याची सुरुवातच अशी की कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी आहे, आणि नवरा-बायको त्याच्याकडे बघत एकमेकांचं बोलणं तोडत भांडतात. दोन माणसांचे संवाद एकाच दोन-ओळी सबटायटलमध्ये, डॅश देऊन, भराभर बदलतात. सराव नसलेल्याचे डोळे खालीच खिळून राहतात आणि चेहरे निसटतात, जे या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाचे आहेत. दीड तासवालीला तो तिसरा-चौथा द्या. अक्षराचा आकार एक पायरी वाढवून, आणि दोन तास मोकळे असतील त्या दिवशी.

उजेडसावली

खूपच उपयोगी. ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’चा निरोप आजच जातोय, आवृत्ती आणि ट्रॅकसकट. आणखी दोन प्रश्न: पाच-सहा जण एकत्र बसणार असतील तर काय लावावं? आणि मित्राची आठ वर्षांची मुलगी बरोबर असेल तर?

चौथी_चौकट

मोठ्यांच्या गटाला ‘वाइल्ड टेल्स’ (२०१४, अर्जेंटिना, दामियान सिफ्रॉन, १२२ मिनिटं). सहा सुट्या गोष्टी आहेत, पहिली विमानातली, शीर्षक येण्याआधीच संपते. कुणी उशिरा आलं किंवा मध्येच उठलं तरी दोरा तुटत नाही, आणि प्रत्येक गोष्टीनंतर बोलायला जागा मिळते. रक्तपात आहे, तेवढं आधी सांगा. ‘द सिक्रेट इन देअर आइज’बद्दलही हेच: त्यात बलात्कार आणि खून झालेल्या स्त्रीचं शव सुरुवातीच्या भागातच दिसतं. हा रहस्यभेद नाही, ही माहिती आधी मिळायलाच हवी.

मुलीसाठी ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८, जपानी अ‍ॅनिमेशन, ८६ मिनिटं), डब आवृत्तीत, कारण त्या वयात सबटायटल्स वाचून पुरत नाहीत. इथे एक घोळ नेहमी होतो. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ त्याच स्टुडिओचा, त्याच वर्षाचा, आणि जपानमध्ये तो ‘टोटोरो’च्या जोडीनेच प्रदर्शित झाला. चित्रशैलीही जवळची, म्हणून ‘हाही लावा’ असं कुणीतरी सुचवतं. तो युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांच्या उपासमारीचा सिनेमा आहे. मोठ्यांनी जरूर पाहावा, आठ वर्षांच्या मुलीला मात्र देऊ नये.

कोरी_चौकट

पाठवण्याआधी जस्टवॉच या संकेतस्थळावर (कोणता सिनेमा कुठल्या सेवेवर आहे ते ते सांगतं) मित्राचा देश निवडून सिनेमा तिथे उपलब्ध आहे का बघा. छोट्या सिनेमांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, गेल्या महिन्यात होता तो या महिन्यात नसतो.

नंतर ‘आवडला का?’ असं विचारू नका, त्याला ‘छान होता’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठे थांबवलास?’ हे विचारा. दहाव्या मिनिटाला थांबला असेल तर ट्रॅक, अक्षराचा आकार किंवा चित्र तपासा. तासाभराने थांबला असेल तर गती जड गेली, पुढचा सिनेमा एक पायरी खालचा द्या. पूर्ण पाहून गप्प असेल तर दोन दिवस जाऊ द्या, आणि मग एखाद्या प्रसंगाबद्दल विचारा. ‘रन लोला रन’नंतर, उदाहरणार्थ: ती ज्यांना धडकते त्यांच्या पुढच्या आयुष्याची छायाचित्रं झरझर येतात, ती तीन फेऱ्यांत बदलतात हे लक्षात आलं का?