छोट्या कागदी डब्या: झाकण बसेना आणि कडा पांढऱ्या पडतात

सुईदोरा

मी लोकरीची फुलं विणून ब्रोच करते. साधारण ४.५ सेंमी रुंद, २ सेंमी उंच, मागे पिन. पुढच्या महिन्यात ३० जणींना एकेक द्यायचाय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला की दोन संध्याकाळच्या विणकामाची पार रया जाते, म्हणून ठरवलं की डब्याही आपणच करायच्या. विणता येतं, तर कागद दुमडायला काय लागतं!

सध्या टेबलावर ११ डब्या आहेत आणि कुणाच्या हातात द्यावी अशी त्यात एकही नाही.

काय केलं ते सांगते. २५० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं) गडद निळं कार्डशीट. तळ ५ सेंमीचा चौकोन, चारी बाजूंना २.५ सेंमीच्या भिंती, कोपऱ्यांना चिकटवायचे कान. झाकण अगदी त्याच मापाचं, फक्त भिंती १.५ सेंमीच्या. पहिलं झाकण बसेचना. वाटलं आपलं कापणंच वाकडं, म्हणून दुसरं केलं, मग तिसरं. चौथं दाबून बसवलं तर कोपरा उसवला. (हो, मी कागदालाही उसवलाच म्हणते.)

दुसरं दुखणं म्हणजे घड्यांवर पांढऱ्या भेगा. एवढा सुंदर निळा, आणि कडा जुन्या भिंतीसारख्या पोपडे निघालेल्या. घडी घालण्याआधी कटरच्या पाठीने आतल्या बाजूने रेघ ओढली होती, तरीही.

आणि शेवटचं: झाकणावर फुलाफुलांचा पातळ कागद पांढऱ्या गोंदाने चिकटवला. रात्री सपाट होता, सकाळी बघते तर झाकणाची बशी झालेली.

माझ्याकडे पट्टी, कटर, कात्री आहे. मशीन नाही, घ्यायचंही नाही. कुठे चुकतंय?

कात्रण

झाकणाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, ‘अगदी त्याच मापाचं’. झाकण २ मिमी मोठं करा. बाकीचं जाणकार सांगतील.

पुठ्ठेवाला

ताई, मी बरीच वर्षं पुस्तकं बांधतो, डब्या करणं हा त्यातूनच लागलेला नाद. २ मिमी हे बरोबरच आहे, पण ते कुठून आलं ते कळलं की पुढच्या वेळी कागद बदलला तरी अडणार नाही. २५० जीएसएमचं कार्ड साधारण ०.३ मिमी जाड असतं. डबीची भिंत बाहेरच्या अंगाला तेवढी सरकते, झाकणाचे कान आतल्या अंगाला तेवढी जागा खातात, आणि हे दोन्ही बाजूंना होतं. म्हणजे १.२ मिमी नुसत्या जाडीतच गेले. वर सरकायला थोडी फट हवी. म्हणून तळ ५ सेंमी असेल तर झाकण ५.२. डबीच्या भिंतीवर नक्षीची पट्टी गुंडाळणार असाल तर तिची जाडी यात धरलेली नाही, ती वेगळी मोजा. मी तर झाकण कापायच्या आधी डबी पूर्ण करतो, वाळू देतो आणि मग तिच्यावर पट्टी ठेवून प्रत्यक्ष माप घेतो. कागदावरचं माप आणि हातातलं माप माझं आजवर कधी जुळलेलं नाही.

आता भेगांचं. एक काम करा, त्या ११ डब्यांतली कुठलीही एक घ्या आणि चारी कडा निरखून बघा. माझा अंदाज आहे की समोरासमोरच्या दोन कडा वाईट फाटल्यात आणि उरलेल्या दोन बऱ्या आहेत.

तसं असेल तर तो कागदाचा ग्रेन. कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात. त्या दिशेने घडी घातली की ती मुकाट्याने बसते. आडवी घातली की तंतूच मोडतात, आणि वर रंगाचा नुसता थर असेल तर आतला पांढरा गाभा उघडा पडतो. चौकोनी डबीला घड्या दोन्ही दिशांनी येतात, त्यामुळे दोन कडा आडव्या जाणारच, त्यातून सुटका नाही.

ग्रेन ओळखायचा तर कार्ड न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने नुसतं वाकवा. जिकडे सहज वाकतं, ती घडीची सोयीची दिशा. हाताला फरक कळला नाही तर उरलेला छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल. नळी जिकडे लांब, तिकडे ग्रेन.

आणि कटर बाजूला ठेवा, त्याच्या पाठीनेही वरचा थर खरवडतो. शाई संपलेलं बॉलपेन घ्या. खाली जुनं मासिक ठेवा, पट्टी धरून एका रेघेवरून दोनतीनदा दाबून फिरवा. आडव्या घड्यांवर एकदा जास्तच. रेघ *बाहेरच्या* बाजूने ओढायची, म्हणजे निळ्या अंगाला खोबण पडते आणि आतून बारीक उंचवटा येतो. घडी अशी घाला की तो उंचवटा आत जाईल. बहुतेकजण उलटं करतात, खोबणीच्या दिशेने दुमडतात. पातळ कागदाला चालून जातं, कार्डाला नाही.

आहे त्या कार्डाचं करायचं असेल तर कडांवर त्याच रंगाची पेन्सिल आडवी धरून फिरवा. नवीन आणणार असाल तर दुकानात कोपरा किंचित फाडून बघा (विचारून!). फाटलेली कड आतूनही निळी दिसली तर तो आरपार रंगवलेला कागद, त्यात भेग पडली तरी डोळ्यात येत नाही.

बशीचं कारण पाणी. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने पातळ कागद फुगतो, फुगलेलाच चिकटतो आणि वाळताना आक्रसून कार्डाला ओढून घेतो. गोंदाच्या कांडीने चिकटवा, किंवा ब्रशने अगदी पातळ हात द्या आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. हे झाकण दुमडायच्या आधी, सपाट असतानाच करायचं. तरी ओढ राहिली तर झाकणाच्या आतूनही तोच कागद लावा, ग्रेन त्याच दिशेला ठेवून. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की कार्ड सरळ राहतं. आणि कुणी खळ वापरायला सांगेल, चिकटते छान, पण डबी वर्षभर कपाटात राहिली तर कसर लागते. एवढ्याशा डबीला ती जोखीम नको.

आडघडी

मी वेगळ्याच पक्षाचा. गोंद, कान, बॉलपेन सगळं सोडा आणि मासू करा. जपानात तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप असतं त्याला मासू म्हणतात, त्याच आकाराची ही ओरिगामी डबी. एका चौरस कागदातून होते, गोंदाचा थेंबही लागत नाही.

तुमच्या ब्रोचसाठी हिशेब केला. मासूचा तळ हवा असेल त्याला २.८३ ने गुणायचं, की कागदाची बाजू मिळते. उंची नेहमी तळाच्या निम्मी. तुम्हाला ५ सेंमी तळ हवा, म्हणजे १४.२ सेंमीचा चौरस, उंची २.५. फूल २ सेंमी उंच आहे, आरामात मावेल. झाकणाला १४.७ चा चौरस घ्या. कागदात ५ मिमीचा फरक ठेवला की तळात जवळपास १.८ मिमीचा पडतो, तेवढा पुरतो.

आणि मजा बघा, ए४ कागद २१ × २९.७ सेंमी असतो. मधोमध कापला की १४.८ रुंदीचे दोन तुकडे. एकातून झाकण, दुसऱ्यातून डबी. ३० डब्या, ३० कागद. वर प्रत्येक तुकड्यामागे ६ सेंमीहून रुंद पट्टी उरते. त्यातून ४.९ सेंमीचा चौकोन कापून त्यावर ब्रोच टोचा आणि तळाला ठेवा, म्हणजे फूल आत गडगडणार नाही.

फक्त २५० जीएसएम इथे चालणार नाही, भिंतीत घड्यांचे थर बसतात. ८० ते १२० मधलं घ्या. आणि चौरस खरंच चौरस हवा, अर्धा मिमी चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात तो वसूल होतो.

सुईदोरा

पुठ्ठेवाला दादा, समोरासमोरच्या दोनच! अकराच्या अकरा डब्यांना! आठवडाभर मी माझ्या हाताला दोष देत होते.

आडघडी, एक मासू करून बघितली. तिसऱ्या प्रयत्नात जमली, पण दाबलं की जरा पचकते. भेट म्हणून मला कार्डाचीच आवडेल. ४.९ चा चौकोन मात्र मी उचलला, पिनेसाठी तेच हवं होतं.

आता सजावट. झाकणावर क्विलिंगची, म्हणजे कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं लावू का? ३ मिमीच्या पट्ट्या आणून ठेवल्यात. ती आधी लावायची की डबी झाल्यावर? दादा म्हणतात सगळं सपाट असतानाच.

रिकामं रीळ

चिकटवायचे कागद, ठसे, छिद्रं, रंग हे सगळं सपाट असतानाच, त्यात दादांशी सहमत. फक्त कानांवर रंग जाऊ देऊ नका, गोंद नीट धरत नाही. क्विलिंगचं मात्र उलटं. ते आधी लावलं तर घड्या दाबताना नक्की चिरडणार. ते सगळ्यात शेवटी.

पण खरं सांगू? लावूच नका. आत लोकरीचं फूल आहे ना? मग वर कागदी फूल काढून तुम्ही आधीच सांगून टाकताय काय आहे ते. शिवाय ३० डब्या एकावर एक ठेवून न्यायच्यात, वरची खालचीला चेपणार. झाकण कोरं ठेवा. ज्या गुंड्यातून फूल विणलं त्याच लोकरीचे तीन वेढे डबीभोवती द्या. झाकणाच्या समोरासमोरच्या दोन कडांना बारीक खाच दिली तर दोरा घसरत नाही. गाठ खाली. मी दोऱ्याची माणूस, मला दुसरं काही सुचत नाही हेही खरं.

पुठ्ठेवाला

वेढे चांगले. क्विलिंग शेवटी, तेही कबूल, मी चिकटवायच्या कागदापुरतं बोललो होतो. झाकण अगदी नेमकं बसलं तर उघडताना हवा अडते आणि लोक कोपऱ्याला धरून ओढतात. त्यासाठी झाकणाच्या एका भिंतीच्या मधोमध नखाएवढा अर्धगोल कापा, बोटाला डबी धरता येते.

सुईदोरा

कळवायचं राहिलं. ३० झाल्या! आरपार निळं कार्ड मिळालं. मापाचा एक साचा जाड पुठ्ठ्यावर कापून घेतला आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवत गेले, त्यामुळे दर वेळी मोजणं वाचलं. पहिल्या दोन झाकणांना घाबरून ४ मिमी जास्त दिले, ती गडगडा फिरत होती. टाकून नाही दिली, आतून कार्डाची पट्टी चौफेर लावली, बसली. बाकीची झाकणं डबीवर सोडली की हुस्स करत हळूहळू खाली जातात. मी कामं सोडून पाचसहा वेळा तेच करत बसले.

क्विलिंग एकाच डबीवर केलं, पट्ट्या आणल्याच होत्या म्हणून. लोकरीच्या वेढ्यांचीच जास्त छान दिसते, रीळताई.

जुन्या ११ डब्यांत बटणं भरून ठेवलीत. झाकणं नाहीतच, त्यामुळे शोधायलाही बरं पडतं.